बहात्तरचा दुष्काळ, भरलेली घरं आणि रविवारचा टेम्पो : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

वस्तू टाकवत नाहीत आणि घर भरत जातं, त्या साठवणुकीच्या विकाराबद्दल (हॉर्डिंग डिसऑर्डर) आणि त्याच्या दुःखाशी असलेल्या नात्याबद्दल मी लेख लिहिला होता. त्यावर तुम्ही लिहिलंय, "बहात्तरच्या दुष्काळात आम्ही मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली, आई खडी फोडायला जायची. आमची घरं काही भंगाराने भरली नाहीत. आळसाला दुःखाचं कारण चिकटवायचं हे नवीनच खूळ आहे." पुढे थोरल्या भावाबद्दल : तो पहिल्यापासूनच काही टाकत नाही, पण वहिनी गेल्यापासून घरात पाय ठेवायला जागा नाही, तेव्हा एका रविवारी टेम्पो बोलावून सगळं काढून टाकणार.

दुष्काळाबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. गरिबीत वाढलेला माणूस पुढे घर भरून ठेवतो ही समजूत अनेकांची असते. मानसशास्त्रज्ञ रँडी फ्रॉस्ट यांनी १९९३ साली अमेरिकेत आणि लंडनच्या संशोधकांच्या एका गटाने २०११ साली ती तपासून पाहिली. दोन्हीकडे लहानपणच्या टंचाईचा आणि या विकाराचा संबंध दिसला नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणारी आई काटकसरी असते, आजारी नव्हे. तिच्या पिशव्या वापरात येतात, तिचा ओटा मोकळा असतो. विकारात ओट्यावर स्वयंपाक होत नाही, पलंगावर झोपता येत नाही, आणि जुनी रद्दी द्यायची म्हटली तरी जीव कासावीस होतो. म्हणूनच २०१३ पासून मानसोपचाराच्या वर्गीकरणात त्याची स्वतंत्र नोंद आहे.

पण त्याच लंडनच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि माझा लेख तिच्याबद्दल होता. विकार असलेल्यांच्या आयुष्यात आघाताच्या घटना इतरांपेक्षा जास्त होत्या. साधारण निम्म्या लोकांनी आपला पसारा कुठल्या तरी कठीण प्रसंगापासून सुरू झाल्याचं सांगितलं. ज्यांची सवय लहानपणापासूनची, त्यांनी असा संबंध कमी वेळा जोडला. आठवणींवर आधारलेल्या अशा उत्तरांनी कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरं. आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. ब्रिटनमधल्या जुळ्या बहिणींच्या २००९ च्या अभ्यासात तो निम्म्याच्या आसपास निघाला. म्हणजे दुःख भोगलेला प्रत्येक जण घर भरत नाही, आणि घर भरणाऱ्या प्रत्येकामागे दुःख असतंच असंही नाही. मात्र मुळात साठवण्याची ओढ असलेल्या माणसाचं कुणी गेलं, की ती ओढ हाताबाहेर जाऊ शकते.

आता तुमचंच वाक्य बघा : "वहिनी गेल्यापासून." तुमच्या भावाला न भेटता मी निदान करणार नाही. पण ही तारीख तुम्हाला पाठ आहे, आणि तरी तुम्ही त्याला आळशी म्हणता, हे मला पटत नाही. आळशी माणूस टेम्पो आला तर सुटकेचा श्वास सोडेल. तुमचा भाऊ काय करेल, तुम्हीच सांगा.

तो टेम्पो कृपा करून बोलावू नका. माणसाच्या मनाविरुद्ध घर रिकामं केलं तर ते बहुधा पुन्हा भरतं, आणि ज्याने ते रिकामं केलं त्याच्यावरचा विश्वास मात्र जातो. एवीतेवी पत्नी गेलेली आहे. आता भावाने न विचारता तिच्या साड्या, तिचे डबे उचलून नेले, तर त्याच्याकडे कोण उरलं?

त्यापेक्षा रविवारी नुसते जा. आधी गॅसच्या आजूबाजूचे कागद आणि दारापर्यंतची वाट, एवढंच त्याला विचारून मोकळं करा, कारण आग लागली तर तिथेच जीव अडकेल. प्रत्येक वस्तूचा निर्णय त्याला घेऊ द्या, कितीही वेळ लागला तरी. वस्तू टाकण्याचा निर्णय घेणं हेच या विकारात सर्वांत अवघड असतं, आणि उपचारातही तेच थोडंथोडं शिकवतात. वहिनींच्या वस्तूंना हात सगळ्यांत शेवटी. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला तो तयार नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या (मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा) सरकारी क्रमांकावर आधी तुम्ही बोला, मराठीत बोलता येतं. आणि वहिनी गेल्यानंतर त्याचं विसरणं किंवा वागणंही बदललं असेल, तर स्मृतिभ्रंशाची तपासणी करून घ्या. उतारवयात पसारा एकाएकी वाढण्यामागे तेही एक कारण असू शकतं.