कर्ता माणूस गेला, तर पैसे पहिल्या महिन्यातच हातात पडायला हवेत

दारिद्र्यरेषेखालच्या घरातलं कमावतं माणूस १८ ते ५९ या वयात गेलं, तर त्या घराला एकरकमी २०,००० रुपये मिळतात. ही राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना, १५ ऑगस्ट १९९५ पासून सुरू आहे. आधी रक्कम १०,००० होती, २०१२ मध्ये ती २०,००० झाली. मृत्यू आजारानं झाला की अपघातानं, याला इथे महत्त्व नाही. इतकी साधी योजना, पण कितीतरी घरांत हे पैसे वर्षश्राद्ध उरकल्यावर येतात.

वीस हजार ही रक्कम आज तुटपुंजी आहे, ती वाढायलाच हवी. पण त्याहून मोठी अडचण वेळेची आहे. घरावर खरा ताण पहिल्या तीस दिवसांत येतो. दवाखान्याचं राहिलेलं बिल, अंत्यविधी, दहावं-तेरावं, येणारे-जाणारे, आणि याच काळात घरातलं दुसरं कमावतं माणूसही रोजावर जाऊ शकत नाही. तेव्हा पैसे सरकारकडून आले नाहीत तर सावकाराकडून येतात, शेकडा पाच-दहा रुपये महिना व्याजानं. वर्षानं आलेले वीस हजार मग त्या व्याजातच जातात. म्हणून माझं म्हणणं एकच आहे: आपत्तीची मदत आधी द्यावी, कागद नंतर तपासावेत. आज नेमकं उलट चालतं.

अडतं कुठे, हे नीट समजून घेतलं पाहिजे. पहिली अडचण मृत्यूच्या नोंदणीतच सुरू होते. नोंद होते ती माणूस जिथे मरण पावला तिथे, तो जिथला रहिवासी आहे तिथे नाही. बीडचा ऊसतोड कामगार कोल्हापूरकडच्या फडावर वारला, तर दाखला त्या गावच्या ग्रामपंचायतीतून घ्यायचा असतो. जिल्हा रुग्णालयात माणूस दगावला, तर शहराच्या पालिकेतून. टोळी पुढच्या गावाला निघून जाते, विधवा मुलांना घेऊन आपल्या गावी परत येते, आणि दाखला दोनशे-तीनशे किलोमीटरवर राहतो. २१ दिवसांच्या आत नोंद केली तर काही खर्च नाही. त्यानंतर विलंब शुल्क लागतं, ३० दिवसांनंतर वरच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं की प्रकरण थेट दंडाधिकाऱ्यांपुढे जातं. म्हणून तिथून निघण्याआधी नोंद झाली का, हे कुणीतरी जाऊन पाहायलाच हवं. दाखल्याच्या चार-पाच प्रती तेव्हाच घेऊन ठेवा.

दुसरी गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. दवाखान्यात भरती करताना नाव आणि वय कोण सांगतं? सोबत धावत आलेला शेजारी किंवा मुकादम. तो अंदाजानं ‘साठ असेल’ म्हणतो, केसपेपरवर ६० लिहिलं जातं, तेच नोंदणीच्या फॉर्मवर उतरतं. माणूस खरा ५६ चा असतो, पण योजनेची मर्यादा ५९ आहे. नावाचंही तसंच: आधारवर ‘पांडुरंग’, दाखल्यावर ‘पांडू’, बायकोच्या आधारवर अजून माहेरचं आडनाव. मृतदेह ताब्यात घेण्याआधी केसपेपर मागून आधार कार्डाशी ताडून पाहावा. त्या क्षणी हे सुचणं कठीण आहे, म्हणूनच हे काम घरच्यांवर न टाकता सोबतच्या माणसानं करावं. नोंद होऊन गेली असेल, तर जन्म-मृत्यू निबंधकाकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला सर्वात जास्त चालतो.

गृहिणी गेली तर? ‘ती कुठे कमावती होती’ असं म्हणून अर्ज खिडकीवरूनच परत केला जातो. हे चूक आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये घर सांभाळणाऱ्या स्त्रीलाही कमावती व्यक्तीच धरलं आहे. स्वयंपाक, पाणी, मुलं, म्हातारी माणसं हे सगळं करणारी बाई गेल्यावर त्या घराचं काय होतं, हे कुणाला समजावून सांगायला नको. असा अर्ज नाकारला, तर नकार लेखी मागा. अविवाहित तरुण मुलगा गेला, तर त्याच्यावर अवलंबून असलेले आई-वडील आणि लहान भावंडंही पात्र आहेत.

मग दारिद्र्यरेषेचा दाखला. तो अजून २००२ च्या सर्वेक्षणातल्या यादीवरून शोधला जातो. त्या वेळी जो दहा वर्षांचा होता, तो आज स्वतंत्र घराचा कर्ता आहे, पण त्याचं नाव यादीत बापाच्या कुटुंबात किंवा कुठेच नाही. शिधापत्रिका वेगळी झाली, चूल वेगळी झाली, यादी मात्र तशीच राहिली. ज्या घराला अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंब म्हणून रेशन मिळतं, त्याची गरिबी शासनानं आधीच मान्य केलेली आहे. तेच कार्ड इथेही पुरेसं धरायला काय हरकत आहे? या एका बदलानं निम्मी धावपळ वाचेल, असं मला वाटतं.

प्रस्ताव तहसीलच्या संजय गांधी शाखेत, म्हणजे निराधारांच्या योजना पाहणाऱ्या शाखेत जातो. तिथे तो पुढच्या बैठकीपर्यंत थांबतो. बैठक झाली की मंजुरी मिळते, पण ‘अनुदान नाही’. केंद्राचा हप्ता आल्यावर वाटप. अर्ज देताना तारखेची पोच घेतलीच पाहिजे. पोच नसेल, तर सहा महिन्यांनी ‘तुमचा अर्जच नाही’ हे उत्तर ऐकावं लागतं आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

आता बँक. इथली गफलत सर्वात जास्त आहे आणि सर्वात कमी समजलेली आहे. खात्याला आधार ‘लिंक’ असणं वेगळं आणि थेट लाभासाठी ते खातं एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत असणं वेगळं. या नोंदीलाच सीडिंग म्हणतात. आधारवर येणारे पैसे सर्वात शेवटी ज्या बँकेत सीडिंग झालं त्या बँकेत जातात, अर्जासोबत तुम्ही कोणत्या पासबुकाची झेरॉक्स जोडली याला तिथे अर्थ नाही. कधीतरी कुठल्या तरी कर्जाच्या वेळी किंवा मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेत अंगठा दिलेला असतो, आणि मदत तिथे जाऊन बसते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये दोन मिनिटांत कळतं. आधी ते पाहा, मग अर्ज भरा. दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं. केवायसी करून ते सुरू करून घ्या. जनधनच्या काळात काहींची ‘छोटी खाती’ उघडली गेली. त्यांत सरकारी मदत सोडली तर ५०,००० च्या वर शिल्लक ठेवता येत नाही आणि महिन्याला १०,००० च्या वर काढता येत नाहीत. वीज पडून मृत्यू झाल्यावर आपत्ती निधीतून ४ लाख मिळतात. ते अशा खात्यात जमा झाले, तरी गरजेच्या वेळी काढणार कसे? पूर्ण केवायसी केली की ही मर्यादा जाते. बँक दूर असेल, तर पोस्टमनकडून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं अंगठ्यावर घरीच उघडता येतं आणि सीडिंगही होतं. वीस हजारांसाठी ते उत्तम. मोठ्या रकमेसाठी नेहमीच्या बँकेचं खातंच बरं, कारण पेमेंट्स बँकेत शिल्लक २ लाखांपर्यंतच ठेवता येते.

जाता जाता: गेलेल्या माणसाचं पासबुक भरून घ्या आणि मे-जूनच्या नोंदी पाहा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर जीवनज्योती विमा आहे, कोणत्याही कारणाच्या मृत्यूला २ लाख. २० रुपये दिसले तर सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. असे दावे केलेच जात नाहीत, कारण घरात कुणाला माहीतच नसतं. विमा उतरवल्याचं सांगणारा कागद घरात नसतो, फक्त ती एक ओळ असते.

शेतकरी कुटुंबात अपघाती मृत्यू असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख मिळतात. वयाची अट १० ते ७५. सातबाऱ्यावर नाव असलेली व्यक्ती आणि नाव नसलेली घरातली एक व्यक्ती, दोघंही यात येतात. साप चावला, विजेचा धक्का बसला, विहिरीत पडलं, झाडावरून पडलं, सगळं यात बसतं. पण प्रस्ताव ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जायला हवा. इथे घात होतो तो शवविच्छेदन न केल्यानं. साप चावलेल्याला परस्पर अग्नी दिला, की पुढे काही सिद्ध करणं फार अवघड होतं. त्यामुळे मन घट्ट करून शवविच्छेदन आणि पंचनामा करून घ्या. व्हिसेराचा (शवविच्छेदनात काढलेल्या अवयवांच्या तपासणीचा) अहवाल यायला महिनोन् महिने लागतात. तो येण्याची वाट न पाहता बाकीचे कागद जोडून प्रस्ताव मुदतीत दाखल करा.

सरकारनं करायची गोष्ट अवघड नाही. मृत्यूची नोंद करणारा आपलाच कर्मचारी, रेशनची यादी आपलीच, आधार आपलंच. मृत व्यक्ती ६० च्या आतली आणि घर अन्नसुरक्षेत असेल, तर नोंद होताच प्रकरण आपोआप तहसीलला जायला हवं. घरच्यांना फक्त खातं आणि सही द्यावी लागेल. निम्मी रक्कम पंधरा दिवसांत, उरलेली तपासणीनंतर. तालुक्याला त्यासाठी फिरता निधी आधीच द्यावा, केंद्राचा हप्ता आला की भरून घ्यावा. काही चुकीच्या घरांना दहा हजार जातील, ही भीती मला मान्य आहे. ते वसूल करता येतात. पहिल्या महिन्यात उचललेलं सावकारी कर्ज मात्र त्या बाईला कुणीच परत करून देत नाही.

तोवर गावपातळीवर एवढं करता येईल: ग्रामसभेत ठराव घेऊन आशाताई, रेशन दुकानदार आणि ग्रामसेवक यांनी मिळून मृत्यूची एक वही ठेवावी. नाव, वय, तारीख, रेशन कार्डाचा प्रकार, नोंद कुठे झाली, अर्ज कधी दिला, पोच क्रमांक. दर महिन्याच्या बैठकीत ती वही उघडावी आणि पोच क्रमांकाचा रकाना कुणासमोर रिकामा आहे, हे पाहावं.