आज्ञाधारक विद्यार्थ्यासाठी काही विनाशुल्क सूचना

विद्यापीठात प्रवेश मिळाल्याबद्दल प्रथम तुमचे अभिनंदन. मूळ कागदपत्रे, त्यांच्या प्रतींचे दोन संच, शुल्काची पावती आणि पासपोर्ट आकाराची छायाचित्रे जमा केल्यावर तुमच्या हाती एक माहितीपुस्तिका पडली असेल. तिच्या शेवटच्या पानांवर बारीक टायपात विद्यार्थ्यांची आचारसंहिता छापलेली असते आणि तिच्याखाली ‘वरील सर्व नियम मी वाचले असून ते मला मान्य आहेत’ असे वाक्य असते. त्या वाक्याखाली तुम्ही नियम न वाचताच सही ठोकली असेल, तर मुळीच अपराधी वाटून घेऊ नका. अपेक्षा तीच होती. नियम वाचणारा विद्यार्थी पुढे कलमे दाखवू लागतो, आणि कलमे दाखवणारा विद्यार्थी कुठल्याही कार्यालयाच्या लेखी बेशिस्तच असतो. म्हणून ती पाने तूर्त बाजूला ठेवा. महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांत विद्यार्थ्याचे वर्तन प्रत्यक्षात कसे असावे, हे ज्यांनी तेथे बरीच वर्षे काढली आहेत त्यांच्याकडूनच समजून घेतलेले बरे.

आरंभ वेळेपासून करू. वेळ पाळणे हा विद्यार्थ्यासाठी सक्तीचा विषय आहे आणि विद्यापीठासाठी ऐच्छिक. तुमची हजेरी ७५ टक्के भरलीच पाहिजे. ती कमी पडली, तर तुमचे नाव सूचनाफलकावरील डिफॉल्टर यादीत लागेल, टर्म ग्रँट होणार नाही म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही, आणि गावाहून वडिलांना एका दिवसाची मजुरी बुडवून विभागप्रमुखांसमोर उभे राहावे लागेल. यात तक्रार करण्यासारखे काही नाही, शिस्त म्हणजे शिस्त. आता महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ असे सांगतो की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा विद्यापीठाने प्रयत्न करावा आणि काहीही झाले तरी ४५ दिवसांच्या आत तो लावावाच. हे कलम तुमच्या वाचनात आले, तर ते वाचून विसरून जावे. शेहेचाळिसाव्या दिवशी ते छापून घेऊन परीक्षा विभागाकडे जाणे हे संस्कारांचे लक्षण नव्हे.

धीर कसा धरावा याचा वस्तुपाठ हवा असेल, तर २०१७ सालची मुंबई विद्यापीठाची तुकडी डोळ्यांसमोर आणा. त्या वर्षी सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरले, आणि ठरले तेव्हा तयारी फारशी झालेली नव्हती. कुलपती या नात्याने राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, ती उलटली, पुढच्याही तारखा उलटल्या. पुढील शिक्षणाचे प्रवेश तोंडावर आलेली मुले निकालाच्या संकेतस्थळाकडे डोळे लावून बसली. मध्यंतरी काही उत्तरपत्रिका सापडेनाशा झाल्या, तेव्हा त्यांच्या मालकांना सरासरी गुण देऊन वाटेला लावण्यात आले. अखेर ऑक्टोबरात कुलगुरूंनाच पदावरून दूर करण्यात आले. नवागताने यातील एक बारकावा नीट ध्यानात ठेवावा. उत्तरपत्रिका विद्यार्थ्याने परीक्षागृहाबाहेर नेली तर तो गैरप्रकार होतो, आणि तीच विद्यापीठाकडून गहाळ झाली तर तिला तांत्रिक अडचण म्हणतात. दोन्हींत उत्तरपत्रिका जागेवर नसते हे खरे, पण तेवढ्याने दोहोंना एका मापाने मोजणे बरे दिसत नाही.

आता खिडकीकडे वळू, कारण पदवीच्या तीन-चार वर्षांत तुमचे जे काही चारित्र्य घडायचे ते वर्गात कमी आणि खिडकीसमोर जास्त घडणार आहे. खिडकी म्हणजे काचेला पाडलेले एक अर्धगोल भोक. ते मुद्दाम अशा उंचीवर असते की उभ्या माणसाला वाकावे लागते आणि बसलेल्या माणसाला मान वर करावी लागत नाही. काचेवर आतून चिकटवलेल्या कागदावर ‘कामाची वेळ ११ ते १, २.३० ते ४’ असे लिहिलेले असते आणि त्याखाली पेनाने कोणीतरी ‘चौकशी करू नये’ अशी पुस्ती जोडलेली असते. येथे गेल्यावर आधी थोडा वेळ नुसते उभे राहावे. आतल्या व्यक्तीने तुमच्याकडे पाहिल्याखेरीज बोलू नये, आणि पाहिल्यावर ‘सर’ किंवा ‘मॅडम’ हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असा तीनदा यावा. ‘माझे काम कुठवर आले?’ असे विचारू नये. ‘मॅडम, सहज विचारायला आलो होतो’ असे म्हणावे. सहज म्हणून नगरहून किंवा जुन्नरहून एसटीने साडेतीन तास कोणी येत नाही, हे त्यांनाही ठाऊक असते, पण तुम्ही तसे म्हणालात की तुमची पायरी तुम्हाला कळते याची त्यांना खात्री पटते.

‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे उत्तर मिळाले तर साहेब कधी येतील हे विचारण्याच्या फंदात पडू नका. ‘हे आमच्याकडे नाही, तीन नंबरला जा’ हे उत्तर मिळाले तर आभार मानून तीन नंबरला जा, तेथून पाच नंबरला आणि तेथून पुन्हा येथे या, आणि मघाशी याच खिडकीने तुम्हाला पाठवले होते याचा चुकूनही उच्चार करू नका. सर्व्हर डाऊन असेल तर चेहऱ्यावर सहानुभूती असावी. अर्ज ऑनलाइन भरला असला तरी त्याची छापील प्रत, तिच्यासोबत शुल्काची पावती आणि तिच्याही दोन झेरॉक्स जवळ असाव्यात, कारण ऑनलाइन अर्ज म्हणजे काय याविषयी तुमची आणि कार्यालयाची कल्पना एकच असेल असे धरून चालणे हा उतावीळपणा आहे.

अर्ज कसा लिहावा हेही एकदाचे शिकून घ्या. ‘प्रति, मा. कुलसचिव’ यातील ‘मा.’ विसरलात तर अर्ज पुढे सरकत नाही. ‘वरील विषयास अनुसरून आपणांस सविनय सादर करण्यात येते की’ एवढी प्रस्तावना झाल्यावरच मुद्द्याला हात घालावा, आणि मुद्दा असा मांडावा की चूक विद्यापीठाची असली तरी ती तुमच्याकडून घडल्यासारखी वाटेल. समजा, तुम्ही ज्या विषयाची परीक्षा दिली त्या विषयात तुम्हाला गैरहजर दाखवले आहे. उद्धट विद्यार्थी लिहील, ‘मी हजर होतो, निकाल दुरुस्त करावा.’ सुसंस्कृत विद्यार्थी लिहील, ‘माझ्या निकालात अनवधानाने अनुपस्थिती दिसून येत आहे, तरी सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.’ सोबत त्याने हॉल तिकीट, केंद्रप्रमुखांचे पत्र आणि पर्यवेक्षकाच्या सहीचा हजेरीपट जोडावा, आणि हा सारा पुरावा ज्यांच्या कपाटात असतो त्यांच्याकडूनच तो मिळवून त्यांनाच सादर करावा.

रॅगिंगविषयी दोन शब्द गांभीर्याने. महाराष्ट्राने १९९९ सालीच रॅगिंगविरोधी कायदा केला, त्यात दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे, आणि २००९ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार विद्यार्थी व पालक या दोघांनाही तसे शपथपत्र द्यावे लागते. पोरांचे जीव गेले म्हणून हे नियम आले. त्यांची थट्टा करण्याचा येथे हेतू नाही. मात्र शपथपत्रावर सही करताना रॅगिंग कशाला म्हणतात हे एकदा शांतपणे वाचा. नवख्या मुलाला विनाकारण ताटकळत उभे करणे, त्याला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावणे, भलत्याच कामासाठी या मजल्यावरून त्या मजल्यावर पिटाळणे, चारचौघांत त्याच्या बोलीभाषेवरून किंवा गावावरून त्याला खजील करणे, हे सारे वसतिगृहात रात्री अकराला घडले तर गुन्हा दाखल होतो. दुपारी साडेबाराला कार्यालयीन वेळेत घडले तर त्यास प्रक्रिया असे म्हणतात, आणि तिच्यासाठी चलन भरावे लागते.

तक्रार करण्याचा मोह होईल. तक्रारीची सोय आहे, हे विद्यापीठाला सांगायला आवडते. आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तिच्यावर अपील ऐकण्यासाठी लोकपाल नेमायचा असतो. हा लोकपाल न नेमणाऱ्या विद्यापीठांची यादी आयोगाला २०२४ मध्ये जाहीर करावी लागली, आणि गंमत म्हणजे त्या यादीलाही डिफॉल्टर यादीच म्हणतात. फरक इतकाच की त्या यादीत नाव लागले म्हणून कोणाच्या वडिलांना बोलावल्याचे ऐकिवात नाही.

प्रतिनिधी निवडून त्याच्यामार्फत बोलावे, असे कोणी सुचवील. तोही विचार सोडून द्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने निवडणुकांऐवजी गुणानुक्रमे प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली, म्हणजे ज्याला सर्वाधिक गुण त्याला वर्गाचे दुःख सर्वाधिक कळते असे गृहीत धरण्यात आले. २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुकांना पुन्हा जागा करून दिली, २०१९ साली त्या होणार म्हणून पोरांनी कडक इस्त्रीचे पांढरे सदरेही शिवून घेतले, आणि मग निवडणुका पुढे ढकलण्यात आल्या. अठराव्या वर्षी खासदार निवडण्याची अक्कल तुम्हाला येते, हे राज्यघटनेला मान्य आहे. पण वसतिगृहाच्या मेसमधील आमटीविषयी कोणी बोलावे हे ठरवण्याइतके तुम्ही परिपक्व झाला आहात की नाही, याबद्दल शासन अजून विचारात आहे.

तोंड उघडण्याची तुम्हाला फारच हौस असेल तर नॅकची, म्हणजे विद्यापीठांना व महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, वाट पाहा. मूल्यांकनासाठी तिची समिती यायची असते तेव्हा परिसरात जी धांदल उडते ती प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी पाहावी. तीन वर्षे बंद असलेल्या पाण्याच्या कूलरमधून पाणी येते. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी लागते. ग्रंथालयातील कुलूपबंद कपाटे उघडतात आणि त्यांच्यात पुस्तके असल्याचे निष्पन्न होते. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर शेवंतीची कुंडी येते, आणि ‘तक्रार निवारण कक्ष’ अशी पाटी ज्या दारावर लागते ते दार काल-परवापर्यंत जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांचे होते, हे तुम्हाला वासावरून कळते. आदल्या दिवशी सभागृहात तुमची तालीम घेतली जाते. ‘ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते?’ या प्रश्नाला ‘रात्री दहापर्यंत, सर’ असे उत्तर द्यायचे असते, आणि ‘तुम्हाला काय कमी वाटते?’ या प्रश्नाला किंचित लाजून ‘वाचायला वेळ कमी पडतो’ असे म्हणायचे असते. इंग्रजी बरे असलेली मुले पुढच्या रांगेत बसतात, शंका विचारणारी मुले त्या दिवशी शैक्षणिक सहलीला जातात. या दोन दिवसांत खोटे बोलणे हे गैरवर्तन समजले जात नाही, उलट तुमच्या अंतर्गत गुणांत त्याचे सुपरिणाम दिसू शकतात. समिती निघून गेल्यावर कुंड्या परत जातात, त्या भाड्याच्या असतात.

आहार आणि पेहराव यांविषयी मात्र विद्यापीठे फार हळवी आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात २०१७ साली एका सुवर्णपदकाचे परिपत्रक निघाले, त्यात पदकाचा मानकरी शाकाहारी व निर्व्यसनी असावा अशी अट होती. गलका झाल्यावर ती अट देणगीदाराची असल्याचे सांगण्यात आले. अभ्यासातील गुणवत्तेचा आणि बोंबलाच्या चटणीचा संबंध काय, असे कोकणातल्या एखाद्या हुशार मुलीने विचारले असते तर तिला उत्तर देणे अवघड गेले असते, म्हणून तिने विचारू नये. पुढे २०१९ च्या पदवीप्रदान समारंभात पगडी कोणती, पुणेरी की फुले पगडी, यावरून वाद पेटला. ज्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव आहे, तेथे फुले पगडी घालू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना आंदोलन करावे लागले, यात ज्यांना विसंगती दिसते त्यांची दृष्टी विद्यापीठाने अजून घडवायची राहिली आहे, एवढेच म्हणता येईल.

असे निमूटपणे वागत वागत तुम्ही उत्तीर्ण व्हाल. पण उत्तीर्ण होणे म्हणजे पदवी मिळणे नव्हे. पदवी प्रमाणपत्रासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो आणि त्याचे शुल्क निराळे असते. प्रमाणपत्र हाती येईल तेव्हा आधी आपले नाव वाचून पाहा. आईच्या नावाच्या जागी आडनाव किंवा आडनावात एखादा काना कमी आढळला, तर खिडकीवर आवाज चढवू नका. नाव दुरुस्तीचा विहित नमुना आहे, त्याला दहावीची गुणपत्रिका आणि मी तो मीच आहे असे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. दुरुस्तीचे शुल्क अर्थातच अर्जदाराने भरायचे असते. भरून झाल्यावर चलनाची विद्यार्थ्याची प्रत आठवणीने मागून घ्या, कारण त्यांच्याकडची प्रत पुढच्या खेपेला सापडेलच असे नाही.