वळणावर झपाझप चालल्याने कोंडी फुटत नाही, होते

नवरात्र जवळ आले की अंबाबाईच्या दर्शनरांगेबद्दलचे सल्ले फिरू लागतात. सध्याचा असा: ‘बॅरिकेडच्या वळणावर पावले झपाझप टाका, मागची कोंडी फुटते. आतल्या कोपऱ्याला चिकटून वळा, वेळ वाचतो. पुढच्याला खेटून राहा, रांग लवकर सरकते. वळणे जास्त तितकी गर्दी आटोक्यात.’ सत्तरी ओलांडलेल्या आत्याने हा मेसेज पाठवून ‘आपण असंच करूया’ म्हटल्यावर गप्प बसणे शक्य नाही.

झपाझप वळण्याचा सल्ला सगळ्यांत घातक आहे. वळताना शरीराला आडवा आधार लागतो आणि तो वेगाच्या वर्गाने वाढतो. नेहमीच्या चालीचा वेग सेकंदाला साधारण १.३ मीटर. एक मीटर त्रिज्येच्या वळणावर ६० किलोच्या माणसाला या वेगाने तळपायाखाली सुमारे १० किलो वजनाइतका आडवा आधार पुरतो. वेग दुप्पट केला, की तोच ४१ किलोच्या घरात जातो. कोरड्या, खडबडीत फरशीवर तो मिळेलही. पण पाय अनवाणी, फरशीवर पाणी आणि तुडवलेली फुले असतील तर पाय बाहेरच्या अंगाला सरकतोच. मांढरदेवीच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी चेंगराचेंगरीत शेकडो जीव गेले, तेव्हा पायऱ्या नारळाच्या पाण्याने निसरड्या झाल्या होत्या. जोतिबाच्या पायऱ्यांवर गुलाल आणि ओल एकत्र आली की तीच गत.

म्हणून तर माणूस वळणाआधी दोन-तीन पावले आपोआप आखडती घेतो आणि वळून झाल्यावर पुन्हा वेग धरतो. काटकोनात हे ठळक दिसते, रांग उलटी फिरते तिथे त्याहून जास्त. तुम्ही झपाझप आलात तरी पुढचा हळू झालेलाच असतो. वळणापलीकडचे दिसत नसल्याने ते तुम्हाला उशिरा कळते, मग तुम्ही गचकन थांबता, तुमच्या मागचा त्याहून गचकन. थांबण्याची ही लाट मागे मागे जाते आणि वीस-तीस माणसांमागे रांग ठप्प होते. तिथल्यांना कारण दिसत नाही, म्हणून ते ढकलतात. कोंडी फोडायला निघालेल्यानेच ती केलेली असते.

आतल्या कोपऱ्याचा हिशेब सोपा आहे. आतल्या आणि बाहेरच्या वाटेत दीड मीटरचे अंतर धरले, तर काटकोनात वाचतात सव्वादोन-अडीच मीटर, म्हणजे दोन सेकंदही नाहीत. तेवढ्यासाठी सगळे आत घुसतात, बाहेरचा कोपरा रिकामा राहतो आणि दोन मीटरची वाट एक मीटरची होते. त्यात बॅरिकेडचे पाय आतल्या बाजूला आलेले असले तर ठेच ठरलेलीच. म्हातारे किंवा लहान मूल बरोबर असेल तर मधून किंचित बाहेरच्या अंगाने वळा, पण बाहेरच्या कठड्याला टेकू नका. मागून रेटा आला तर तो सरळ रेषेत तिथेच येऊन आदळतो.

खेटून उभे राहण्याने रांग सरकत नाही, ती गाभाऱ्यासमोरून माणसे जितक्या वेगाने बाहेर पडतात तितकीच सरकते. एका चौरस मीटरमध्ये दोनेक माणसे असेपर्यंत प्रवाह वाढतो, त्यापुढे घटतो. गर्दीच्या दुर्घटनांचा अभ्यास केलेले अमेरिकन अभियंता जॉन फ्रुइन यांनी सांगून ठेवले आहे, की चौरस मीटरला सातच्या आसपास माणसे झाली की जमाव जवळजवळ द्रवासारखा वागतो, रेट्याच्या लाटा उठतात, पाय जमिनीवरून उचलले जातात. बहुतेक मृत्यू तुडवले गेल्याने होत नाहीत. छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने होतात, आणि तेही कित्येकदा उभ्या उभ्या. खेटणे ही त्याचीच पहिली पायरी.

वळणांबद्दलचे शेवटचे वाक्य अर्धे खरे आहे, ते मान्य करायला हवे. सरळ रांगेत मागचा रेटा थेट पुढच्यापर्यंत जातो, नागमोडी रांगेत तो प्रत्येक वळणाच्या कठड्यावर तुटतो. पण वळणाची जागा सरळ पट्ट्याइतकी, शक्यतो जास्त रुंद हवी. आतला टोकदार कोपरा बॅरिकेड तिरके लावून बोथट करावा, चप्पल स्टँड आणि ओटीचे टेबल वळणापासून लांब ठेवावे, आणि स्वयंसेवक दोन्ही बाजू दिसतील अशा जागी, कठड्याबाहेर उभा करावा. बाहेर पडणाऱ्यांपेक्षा आत सोडलेले जास्त झाले, की त्याने प्रवेशावरच रांग थांबवायला सांगावे. ती वळणावर अडवली तर मागचा सगळा रेटा त्याच कोपऱ्यात साचतो.