डिस्कोवरची भैरवी आणि ऑर्गनवरची नाट्यपदं: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडून, दुसऱ्यांदा चहा घेऊन. मुंबईचे सिनेवादक चरणजित सिंग यांच्या, सिंथेसायझरवर राग वाजवलेल्या १९८२ च्या 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' या एलपीवर मी भरभरून लिहिलं आणि तुम्ही तीन ठिकाणी मला धरलंत. तुमच्या मते डिस्कोच्या ठेक्यावर भैरवी म्हणजे रागाची विटंबना. तेव्हा कुणी न विचारलेली रेकॉर्ड गोऱ्यांनी उचलल्यावर आम्हाला तिचा पुळका आला. आणि 'शिकागोच्या आधी मुंबई' हे माझं वाक्य निव्वळ बढाई.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. 'अ‍ॅसिड हाउस' या नृत्यसंगीताची सुरुवात मानला जाणारा शिकागोचा 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' १९८७ चा. त्यात आणि या एलपीत रोलँड कंपनीचं टीबी-३०३ हे बेसचे सूर काढणारं एकच यंत्र आहे, म्हणून आवाज सख्ख्या भावासारखा वाटतो. पण हे यंत्र निघालं ते बेसगिटारवाल्याची जागा भरायला. ते काम त्याला धड जमेना, १९८४ मध्ये उत्पादनच थांबलं. तिकडच्या पोरांनी ते सेकंडहँड, स्वस्तात घेतलं आणि त्याच्या खुंट्या वेड्यासारख्या पिळल्या. सिंग यांनी ते नवंकोरं असताना आणून त्यावर राग बसवले. या पोरांनी त्यांना ऐकलं होतं असं म्हणायला काहीही आधार नाही. ते वाक्य लेखातून काढलंय.

विटंबनेचं मात्र मान्य नाही. किंवा अर्धंच मान्य आहे. तोडीचा गंधार जरा उतरलेला लागतो. सिंग यांच्या ज्युपिटर-८ या सिंथेसायझरची पट्टी दाबली की ठरलेला सूर येतो, तो गंधार येत नाही. तिथे तुमचा कान दुखला असेल तर दोष कानाचा नाही. पण काका, हीच तक्रार पेटीबद्दल होती ना? ऑल इंडिया रेडिओने १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला दारात उभं केलं नाही. आणि तुम्ही ज्या नाट्यसंगीताची शपथ घालताय, त्यातल्या १९११ च्या 'मानापमान'ला चाली दिल्या त्या गोविंदराव टेंब्यांनी, म्हणजे मुळातल्या पेटीवाल्याने. बालगंधर्वांच्या मागे ऑर्गन होता, तोही काही सवाई गंधर्वांच्या कुंदगोळात घडवलेला नव्हता!

पुन्हा एकदा ऐका, हेडफोन लावून. सुरुवातीला ठेका नाही, छोटासा आलाप आहे. मग ८०८ या तालयंत्राचा यांत्रिक ताल सुरू होतो आणि वरची धून रागाच्या सुरांबाहेर पाय टाकत नाही. मजा खाली आहे. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, त्यामुळे वरच्या पट्ट्यांना न जमणारी मींड बेसमध्ये उमटते. मालकंसात तर फारच.

गोऱ्यांचं म्हणाल तर हो. २०१० मध्ये हॉलंडमधून ती पुन्हा निघाली, तेव्हाच मी पहिल्यांदा ऐकली. त्याआधी मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर गुडघे टेकून शेकडो कव्हरं चाळली असतील, त्यात ही हाताखालून गेलीही असेल. 'डिस्को' शब्द दिसला की मी पुढे सरकायचो. लाज माझी आहे, रेकॉर्डची नव्हे.

मला ती महत्त्वाची वाटते याचं कारण वेगळंच आहे. सिंग हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रातले वादक. ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या रेकॉर्डिंग स्टुडिओत अशी माणसं शिफ्टवर यायची, दुसऱ्याची चाल वाजवायची, घरी जायची. कव्हरवर संगीतकार, गीतकार, गायक. अ‍ॅकॉर्डियन कुणाचं, गिटार कुणाची, शोधत बसा. कावस लॉर्ड आणि त्यांची मुलं केर्सी व बुर्जोर, किती गाण्यांत असतील! त्यातल्या एकाने फिल्मी धुन बाजूला ठेवून, स्वतःच्या हौसेने, स्वतःच्या नावावर दहा राग वाजवले. चालली नाही रेकॉर्ड, ठीक आहे. २०१५ मध्ये ते मुंबईतच गेले, त्याआधी परदेशातल्या मंचांवर वाजवून आले, एवढं तरी झालं.

तुम्ही म्हणता तसं भावगीतांवरही लिहीन, पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

बाकी तुम्ही जाता जाता लिहिलंय की घर बदलताना दोन पोती रेकॉर्डी भंगारवाल्याला वजनावर दिल्यात. माझा जीव तिथेच अडकलाय. कव्हरं आठवत असतील, अगदी नुसते रंग आठवत असतील तरी, लिहून पाठवा.