वावर विकण्याआधी फाईल उघडा

आपल्या खान्देशात घरात कॅन्सर निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं: "वावर इकी टाकसू, पन मायले वाचाडसू." माया खरी असते, पण घाई घात करते. सोनं गहाण पडतं, व्याजानं पैसा उचलला जातो, आणि रेशनकार्ड कपाटातच राहतं.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत आता एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच आहे, त्यात कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन येतं. धुळे जिल्हा तर २०१२ ला पहिल्याच टप्प्यात होता (तेव्हा नाव राजीव गांधी जीवनदायी). तरी अजून लोक मला ऑपरेशन झाल्यावर फोन करतात. तोवर उशीर झालेला असतो, कारण योजना कॅशलेस आहे. आधी रोख भरायचं आणि मागून बिल लावायचं, असं तिथं चालत नाही. म्हणून भरती व्हायच्या आधीच विचारायचं: हे हॉस्पिटल योजनेत आहे का, आणि या आजाराच्या या उपचारासाठी आहे का? हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, त्याचं कामच ते. नाहीतर १५५३८८ लावा. रेशनकार्डाचा बारा अंकी नंबर आणि आधारवरचं नाव आजच तपासा. एकीकडे 'सुमनबाई' नि दुसरीकडे 'सुमन' असलं तरी माणूस काउंटरवर अडकतो.

योजनेत नसलेलं पण धर्मादाय ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल असेल, तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१ एए लक्षात ठेवा. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, असं बंधन आहे. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला हवा. स्वतःहून कोणी सांगत नाही, मागावं लागतं.

आता खासगी आरोग्य विम्याची पॉलिसी असलेले. इथं शिकलेली, नोकरदार माणसंही फसतात. समजा ५ लाखांची पॉलिसी आहे आणि रूमभाड्याला दिवसाला १ टक्का, म्हणजे ५ हजारांची मर्यादा आहे. आपण १० हजारांची रूम घेतो. का? भेटायला येणाऱ्यांना बसायला सोफा हवा! मग कंपनी फक्त वरचे ५ हजार कापून थांबत नाही. बऱ्याच पॉलिसींत सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळं त्याच प्रमाणात अर्धं होतं. औषधं आणि तपासण्या तेवढ्या वाचतात. पाहुण्यांच्या सोफ्यापायी लाखभर जाऊ शकतात.

दुसरी गोम तंबाखूची. फॉर्मवर 'तंबाखू खाता का?' असतं, एजंट परस्पर 'नाही' लिहितो, आपण सही ठोकतो. पुढे तोंडाचा कॅन्सर निघाला की कंपनी तोच कागद पुढे करते. खरं लिहिलं तर हप्ता थोडा वाढेल, वाढू द्या. पॉलिसी सलग ५ वर्षं चालू असेल, तर सिद्ध झालेली फसवणूक सोडून, माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. आधी ही मुदत ८ वर्षं होती, २०२४ मध्ये कमी झाली.

दावा नाकारला तर रडत बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जा, आपला भाग तिथंच येतो. नकार आल्यापासून एक वर्षाची मुदत. फी नाही, वकीलही लागत नाही.

मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात जाणाऱ्यांनी रेल्वेचा सवलतीचा फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्या. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत भाडं माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, जागा मिळाली तर.

भेटायला बिस्किटांचे पुडे घेऊन जाणारे पुष्कळ आहेत. फाईल घेऊन बसणारं एखादंच निघतं, बहुतेक वेळा बारावीला असलेली पोरगी. भाऊबंदकीत कुणी मास्तर, क्लार्क, बँकवाला असेल तर त्यानं पाचशेच्या पाकिटाऐवजी दोन दुपारी द्याव्यात. चोपडा, शिरपूर, नवापूरकडे रुग्णांच्या कागदपत्रांचं हे काम करणारं कोणी असेल, तर त्यांना विचारून खाली कमेंटमध्ये कळवा. तिकडून फोन येतात आणि मी पडलो अमळनेरला.