डावा हात भात्याचा

आमच्या घरच्या ग्रुपवर गेले पंधरा दिवस जे चाललंय त्याचं मूळ एवढंच की पुतणीची संगीताची ‘प्रवेशिका पूर्ण’ ही परीक्षा झालीय, ती आता नववीत आहे, आणि दादाचं म्हणणं की दहावीला कलेचे वाढीव मार्क पदरात पडले की गाणं-पेटी गुंडाळून माळ्यावर, अकरावीपासून क्लास एके क्लास. वहिनी गप्प (म्हणजे ग्रुपवर गप्प, स्वयंपाकघरात बोलली असणारच). पण अप्पाकाका उसळले, त्यांचा मुद्दा भलताच, की मुळात हे वर्ग, परीक्षा, सर्टिफिकेटं म्हणजे संगीतच नव्हे, गाणं गुरूपुढं बसून घ्यायचं असतं, वीस पोरं एका खोलीत कोंबून नाही. मग कुणीतरी २०२० च्या शैक्षणिक धोरणावरचा लेख टाकला, त्यात म्हणे कला आणि विज्ञान यांच्यात भिंत नको असं लिहिलंय, त्यावर दुसऱ्यानं विचारलं शाळेत कलाशिक्षकच नाही तर भिंत पाडून करणार काय, मग तीन अंगठे, एक हात जोडलेला, आणि सकाळी उठून परत गुड मॉर्निंगची फुलं.

मी हे सगळं इथे कॅलिफोर्नियात कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचत होते. संध्याकाळचे पावणेसात, सातला माझा पियानोचा तास. वय वर्षं सत्तेचाळीस.

कोर्सचं नाव इंटरमिजिएट पियानो. आपल्याकडे इंटरमिजिएट म्हटलं की एकच डोळ्यापुढं येतं, ड्रॉइंगची परीक्षा, स्थिरचित्रातला तो तांब्या आणि दोन केळी. मी आईला फोनवर सांगितलं की मी इंटरमिजिएटला बसलेय तर ती म्हणाली, अगं ती तर तू आठवीतच दिली होतीस की, बी ग्रेड मिळाली होती.

इथे म्हणजे कम्युनिटी कॉलेज. कॅलिफोर्नियात अशी शंभराच्या वर सरकारी कॉलेजं आहेत, बारावी झालेल्या पोरांपासून रिटायर झालेल्या आजोबांपर्यंत कुणीही नाव घालावं. राज्यातल्या रहिवाशाला फी युनिटला (युनिट म्हणजे कोर्स मोजायचं माप) ४६ डॉलर, २०१२ पासून तीच. माझा कोर्स दोन युनिटांचा, म्हणजे ९२ डॉलर, वर किरकोळ फी आणि पार्किंग, आणि त्यात साधारण चार महिने शिकवणी. बाहेर खाजगी शिकवणीची चौकशी केली होती तेव्हा अर्ध्या तासाचे पन्नास सांगितले होते, तिथंच विषय संपला होता.

खोलीत सोळा डिजिटल पियानो, चार ओळींत. प्रत्येकाच्या कानाला हेडफोन. पहिल्या दिवशी दार उघडून आत गेले तर पंधरा माणसं जोरजोरात वाजवतायत आणि आवाज काहीच नाही, नुसती पट्ट्यांची धप्धप्, जणू शेजारच्या घरात कुणीतरी लसूण ठेचतंय. सरांच्या टेबलावर एक खोका असतो, त्यावरनं ते कुणाच्याही हेडफोनमध्ये शिरू शकतात. आपण आपल्या तंद्रीत चुकत असतो आणि एकदम कानात आवाज येतो, डावा हात थोडा हळू. आकाशवाणीच म्हणायची. माझ्या उजवीकडे एक एकोणीस वर्षांचा मुलगा, तो ट्रम्पेटवाला, पण संगीताची डिग्री घ्यायची तर पियानो जुजबी तरी आलाच पाहिजे असा नियम आहे म्हणून नाइलाजानं आलेला. डावीकडे बहात्तर वर्षांच्या एक बाई, आयुष्यभर पोस्टात नोकरी केली, आता क्लेमेंटी नावाच्या संगीतकाराची सोनाटिना, म्हणजे पियानोची छोटी रचना, वाजवायची एवढीच इच्छा.

आता माझं दुखणं. मी लहानपणी मिरजेत सहा वर्षं पेटी शिकले, त्यामुळे मला वाटलं होतं आपण वर्गात पुढे असणार, आणि उजव्या हातापुरती मी होतेच. पण पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भाता मारतो. त्याला फक्त वारा माहीत, स्वर नाही. सत्तेचाळीसाव्या वर्षी त्या हाताला सांगायचं की बाबा आता तुलाही पाच बोटं आहेत, तर ते म्हणजे घरच्या गड्याला एकदम पंगतीत वाढायला उभं केल्यासारखं, ताट कुठलं आणि वाटी कुठली कळेना. पहिले दोन आठवडे माझा डावा हात खरोखर मधूनच पुढेमागे हलायचा, भाता शोधत. सर बघत राहिले, मग विचारलं की हे काय आहे, तर मी त्यांना पेटीचा फोटो दाखवला.

इंटरमिजिएटला काय असतं तर दोन्ही हातांनी दोन सप्तकं स्केल (आपले आरोह-अवरोह), मेजर आणि मायनर, कॉर्डची (म्हणजे एकदम दाबायच्या स्वरांची) ठरलेली साखळी, दिलेल्या चालीला डाव्या हाताने कॉर्ड लावणं, तीच चाल ऐन वेळी दुसऱ्या पट्टीत नेणं, आणि न पाहिलेला कागद समोर ठेवून वाजवणं. पट्टी बदलणं मला सोपं गेलं, काळी एकवरून पांढरी चारवर सा न्यायची सवय होती. स्केलने मात्र घाम काढला. सी मेजरमध्ये, म्हणजे आपल्या पांढरी एकमध्ये, दोन्ही हातांची मधली बोटं एकाच वेळी एकाच स्वरावर पडतात, गवर आणि धवर, तेवढा एक धागा धरून पुढे जाता येतं. एफ मेजर म्हणजे आपली पांढरी चार घेतली की तो धागा सुटतो. उजवा हात चौथं बोट मध्यमावर, म्हणजे त्यांच्या बी फ्लॅटवर, टाकून मग अंगठा खालून काढतो, डावा आपल्या जुन्या हिशोबानेच चाललेला, आणि मेंदू मध्ये लोंबकळतो. तीन आठवडे अडकले होते. मग एक दिवस त्या पोस्टातल्या बाईंनी हेडफोन काढून मला सांगितलं की तू बोटं मोजू नकोस, फक्त सीवर दोघे अंगठे भेटतात तेवढं बघ. बघितलं तर खरंच, एफचा सी म्हणजे पंचम, दोन्ही अंगठे पंचमावर एकत्र येतात आणि मग आपापल्या वाटेने जातात. त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला जेवणाच्या टेबलावर बोटं आपटून दाखवलं, तो म्हणाला आमटी वाढ.

हे मुद्दाम इतकं लांबण लावून सांगतेय कारण अप्पाकाकांना उत्तर हे आहे. सरांना हा अंगठ्यांचा प्रकार माहीत नव्हता असं नाही, पण त्यांना तो लहानपणीच येऊन गेला असणार, तिथे अडकतं म्हणजे काय होतं ते आता त्यांना कुठून आठवणार. बाई गेल्या महिन्यात तिथेच अडकल्या होत्या.

आणि वर्गात गाणं शिकवणं हे काही पाश्चात्त्य खूळ नाही अप्पाकाका. विष्णु दिगंबर पलुसकर आपल्या कुरुंदवाडचे, शिकले आपल्या मिरजेत बाळकृष्णबुवांच्या घरी राहून, अगदी तुम्ही म्हणता तसं, आणि त्याच माणसाने १९०१ साली लाहोरला जाऊन गांधर्व महाविद्यालय काढलं, वर्ग घेतले, फी घेतली, परीक्षा घेतल्या, स्वरलिपी छापली. गुरुगृहात राहून आलेल्या माणसाला वर्ग काढावासा वाटला यात काहीतरी असेल ना. गोव्यात तर त्याच्या कितीतरी आधीपासून चर्चच्या शाळेत गावातला मेस्त, म्हणजे संगीताचा मास्तर, पोरांना एकत्र बसवून सोल्फेज (त्यांचं सारेगम) आणि व्हायोलिन शिकवायचा, फुकट, आणि मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात नंतर बसलेले अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे सगळे गोवेकर याच परंपरेतले. पियानोचंच म्हणाल तर डब्लिनमध्ये लोजिए नावाच्या मास्तराने १८१४ मध्ये हात सरळ ठेवायच्या एका लाकडी सापळ्याचं पेटंट घेतलं आणि एका खोलीत अनेक पोरांना एकदम वाजवायला लावायला लागला, तेव्हाही खाजगी शिकवणीवाले असेच चिडले होते. (त्या सापळ्यापायी चिडले असतील तर मात्र मी त्यांच्या बाजूची.)

अप्पाकाकांचं जे खरं आहे ते खरंच आहे पण. सोळा माणसांत सरांचा वेळ माझ्या वाट्याला पाच मिनिटं येतो. माझं मनगट सहा आठवडे वर उचललेलं होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, शेवटी दुखायला लागलं तेव्हा कळलं. आमच्या पेटीच्या बाई असत्या तर पहिल्या दिवशी फुटपट्टी बसली असती. आणि बाईंचा दुसरा नियम, चुकलं की परत पहिल्यापासून. इथला नियम बरोबर उलटा, चुकलं तरी थांबायचं नाही. सगळ्यांचे हेडफोन काढायला लावतात, लय मोजणारा मेट्रोनोम सुरू, सोळाजण एकदम, आणि तुम्ही पडलात तर पळत्या एसटीत चढावं तसं पुढच्या मापात चढायचं. मला वाटतं बाईंच्या नियमाने गाणं चांगलं होतं आणि सरांच्या नियमाने माणूस टिकतो. आमच्या मिरजेच्या वर्गातली अर्धी पोरं चौथीपाचवीतच गळाली, सतत पहिल्यापासून म्हणून, त्यात माझा दादाही होता, हे तो ग्रुपवर सांगणार नाही.

इथे सगळं सोन्याचं आहे असंही नाही. पूर्वी हाच पियानोचा कोर्स चारचार वेळा घेता यायचा, म्हातारी माणसं वर्षानुवर्षं यायची. २००८ च्या मंदीनंतर राज्याने कॉलेजांचे पैसे कापले, जागा कमी पडल्या, आणि २०१३ पासून नियम आला की एकदा पास झालात की तोच कोर्स सहसा परत नाही, आणि अशा एका जातीचे सगळे कोर्स मिळून चारच. जागा डिग्रीवाल्यांना हव्यात. म्हणजे दादाचंच म्हणणं, इंग्रजीत: कशासाठी शिकताय, त्याचं पुढे काय होणार? पोस्टातल्या बाईंचा हा चौथा आणि शेवटचा. गेल्या सेमिस्टरला दुसरा एक वर्ग पोरं कमी भरली म्हणून सुरू व्हायच्या आधीच रद्द केला. तेव्हा इकडच्यांनी तिकडच्यांना शहाणपणा शिकवायचा तर जरा बेतानं.

फरक मला दिसतो तो एकाच ठिकाणी. ग्रुपवर दादा आणि अप्पाकाका इतके भांडले पण दोघांचंही एका गोष्टीवर एकमत आहे, की मध्ये काही नसतं. एक तर मार्कांपुरतं, नाहीतर तपश्चर्या. दहावीपुरती पेटी किंवा थेट सवाई गंधर्वचं स्टेज. बऱ्यापैकी वाजवणारा, चुकत चुकत वाजवणारा, नोकरी करून आठवड्यातनं दोनदा वाजवणारा माणूस दोघांच्याही हिशोबात बसत नाही, आणि त्याच्यासाठी खोली, सोळा वाद्यं आणि एक मास्तर ठेवावा असं ना शाळेला वाटतं ना नगरपालिकेला. भजनी मंडळं आहेत म्हणा, ढोलपथकं आहेत, आणि खरं सांगायचं तर इथल्या वर्गापेक्षा ती जास्त टिकतात, त्यांना कुणी चारच वेळा म्हणत नाही. पण पंचेचाळीशीच्या बाईने पेटी परत काढायची तर मिरजेत कुठे जावं हे मला खरंच सांगता येत नाही, आणि मिरज म्हणजे तंबोऱ्याचं गाव, बरं का. मार्कांवर माझा राग नाही. मार्क होते म्हणून तर पुतणी प्रवेशिका पूर्णपर्यंत पोचली, नाहीतर दादाने तिला कधीच अबॅकसला घातलं असतं.

रविवारी व्हिडिओ कॉलवर पुतणी म्हणाली, आत्या डावा हात दाखव ना. मी एफ मेजर वाजवून दाखवलं, दोन्ही हातांनी, अंगठे कुठे भेटतात तेही. ती म्हणाली पेटीवर होईल का. म्हटलं होईल की, पण तुझा डावा हात रिकामा पाहिजे. तिने हाक मारली आणि दादा बनियनवर आला, पेटीच्या पलीकडे मांडी घालून बसला, भाता धरला. एकदा दोनदा हवा संपली, मग तिने त्याला ओरडून सांगितलं, बाबा, थांबू नका, चुकलं तरी मारत राहा.