घंटा कुणाची?

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर वसईच्या किल्ल्यावरून पुन्हा जुंपली. धाकट्या काकाचं म्हणणं असं की चिमाजीअप्पांचं स्मारक नीट राखा. पोर्तुगीजांच्या पडक्या चर्चवर सरकारी पैसा कशाला घालवायचा? आतेबहिणीने लगेच ठोकलं, ‘इंग्लंडात पडक्या भिंतीही कशा जपतात! दादा, मामाला सांग जरा.’ मी लीड्सला राहतो, त्यामुळे इंग्लंडच्या वतीने साक्षीला नेहमी मलाच उभं करतात.

तर माझी साक्ष बहिणीच्या फारशी कामाची नाही.

माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एअर नदीच्या काठी, कर्कस्टॉल ॲबीचे अवशेष आहेत. हा सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाचा मठ. फाउंटन्स ॲबीतून निघालेल्या मठवासींनी आधी दुसरीकडे बस्तान मांडलं होतं, पण तिथली हवा वाईट आणि गावकरी त्याहून वाईट. म्हणून ११५२ मध्ये ते इथे आले. अंगावर न रंगवलेल्या लोकरीचा झगा, बोलणं जवळजवळ बंद, आणि यॉर्कशरच्या थंडीत ऊब घ्यायला जेमतेम एक शेकोटीची खोली. एवढं विरक्त जगूनही मेंढ्या पाळून लोकरीचा धंदा असा केला की व्यापाऱ्याने हेवा करावा.

१५३९ च्या नोव्हेंबरात हा मठ राजाच्या ताब्यात गेला. आठव्या हेन्रीने चारपाच वर्षांत आठशेच्या आसपास मठ बंद केले. छपरांचं शिसं उतरवलं, घंटा वितळवून धातू विकला, मठवासींना पेन्शन देऊन घरी पाठवलं. उत्तरेत लोकांनी बंड केलं, तर त्यांच्या म्होरक्याला, रॉबर्ट आस्कला, यॉर्कमध्ये फासावर लटकवलं. इथे परका शत्रू कोणीच नव्हता. राजा यांचाच, धर्मही तोच.

आणि पुढे जपणूक? पुढची अडीचशे वर्षं ज्याला दगड लागला त्याने तो इथून नेला. कर्कस्टॉलच्या चर्चची पूर्वेची मोठी खिडकी काढून मधोमध रस्ता काढला होता. जिथे प्रार्थना व्हायची तिथून १८२७ पर्यंत गाड्या धावत होत्या! १७७९ मध्ये मनोऱ्याचा बराच भाग कोसळला. १८८९ मध्ये कर्नल नॉर्थ नावाच्या धनिकाने जागा विकत घेऊन शहराला दिली, तेव्हा कुठे हे दगड सुटले. आज तिथे हिरवळ आहे, माहितीचे फलक आहेत, रविवारी बाबागाड्या फिरतात. बहिणीला दिसतं ते हे शेवटचं चित्र.

माझ्या लेकीने तिथे विचारलं होतं, ‘कुणाच्या टीमने पाडलं?’ मी म्हटलं, यांच्याच. तिला ते पटलं नाही.

वसईची टीम वेगळी होती, हे काकाचं खरंच आहे. १७३९ मध्ये अप्पांनी किल्ला घेतला तो महिनोन् महिने माणसं खर्ची घालून. पण लहानपणी मी ज्या फ्रान्सिस्कन मठाच्या फरशीवर पोर्तुगीज अक्षरांच्या थडग्यांवरून उड्या मारल्या, ती जागा लिस्बनची कधी वाटलीच नाही. माझ्याबरोबर उड्या मारणारी पोरं घरी कादोडी ही वसईची बोली बोलायची आणि रविवारी मिसेला जायची. त्यांना ‘तुमचं’ म्हणून किल्ल्याच्या बाहेर काढायचं, तर मग शाळेत मी ज्यांच्या डब्यातलं खाल्लं त्यांचं काय करायचं? स्मारक राखाच. पण पडक्या भिंतींतून पिंपळ फुटतोय, तोही कुणीतरी काढा.

एका बाबतीत आपण हेन्रीपेक्षा बरे. वसईच्या मोहिमेत मिळालेल्या काही घंटा आपण वितळवल्या नाहीत, देवळांत नेऊन टांगल्या. मागच्या सुट्टीत वाईला गेलो होतो, तेव्हा मेणवलीच्या घाटावर त्यांतली एक लेकीला दाखवली. तिच्यावर १७०७ साल आहे. लेकीने मान वर करून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘ही कुणाची?’

मी उत्तर जुळवतोय तोवर शेजारून काकाच म्हणाला, ‘आपली.’